कामाबरोबर नावही पोहोचावे

हळ्ळीखेड (बी) हे बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातील गाव. नावापुढचा 'बी' म्हणजे 'बुजुर्ग'. महाराष्ट्रात ज्याला 'बुद्रुक' म्हणतात तोच हा शब्द. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मराठी मुलखाला जोडला गेला आणि हुमनाबाद, भालकी, औराद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिला. सीमा आखली गेली, पण बोलणे आखले गेले नाही. या टापूत मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात.

अशा गावात एखादी मुलगी चित्रे काढते, एखादा तरुण मूर्ती घडवतो, कोणी भारूड उत्तम गातो. पूर्वी अशांची कीर्ती फार पसरली तर जत्रेपर्यंत जाई. आता त्यांच्या हाती मोबाइल आहे, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांवर आपले काम ठेवावे असा सल्ला त्यांना जो तो देतो. सल्ला चुकीचा नाही; तथापि त्या ठिकाणी काम ठेवल्याने नेमके काय मिळते आणि काय हातचे जाते, हे समजावून सांगणारा सहसा भेटत नाही.

याचे उत्तर शोधण्यास फार लांब जावयास नको. बीदर शहरातील बिदरी कारागिरांकडे पाहिले म्हणजे पुरे. जुन्या बिदरी वस्तू, हुक्क्याची भांडी, पानदाने, सुरया, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही काचेआड मांडलेल्या आहेत. तेथील चिठ्ठीवर ठिकाण असते, शतक असते, धातू कोणते तेही असते. बहुतेक वेळा नसते ते करणाऱ्याचे नाव. वस्तू सातासमुद्रापार गेली आणि ज्याने ती ठोकून घडविली तो मात्र निनावी राहिला. याचे कारण असे की, कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये नेहमी कोणीतरी उभा असे. कधी दरबार, कधी व्यापारी, कधी शहरातले मोठे दुकान. समाजमाध्यमांनी काही नवे दिले असेल तर हेच, की मधला माणूस बाजूला सारून काम आणि नाव ही दोन्ही एकत्र पाठविता येतात. किती जणांनी अंगठा दाखविला, हा हिशेब त्यापुढे दुय्यम होय.

आता दाखवावे काय? नवशिका कलावंत बहुधा तयार वस्तूचे एक छायाचित्र टाकतो आणि खाली 'कशी वाटली?' असे विचारतो. पाहणारा क्षणभर पाहतो आणि पुढे सरकतो. बिदरीचेच उदाहरण घेऊ. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. ते कानशीने घासून मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात, म्हणजे त्यावर टोच्याने काढलेली नक्षी स्पष्ट दिसते. ही नक्षी बहुधा मुक्त हातानेच काढली जाते. मग छिन्नीने रेषा खोदून तीत चांदीची तार ठोकून बसवितात आणि सारे घासून एकसारखे करतात. या टप्प्यावर भांडे करडे दिसते. चांदी कोठे आणि जस्त कोठे, हेही चटकन ओळखू येत नाही. शेवटी ते तापवून बीदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने चोळतात. ही माती ऊनपावसापासून झाकलेल्या जागेची लागते, आणि ती जिभेवर ठेवून पारखण्याची रीत आहे. चोळता चोळता जस्ताचा भाग दाट काळा होतो, चांदीला मात्र काही होत नाही, आणि नक्षी एकाएकी लखलखून उठते.

हा काळे होण्याचा क्षण तीस सेकंदांच्या व्हिडिओत मावतो. जो तो पाहतो, त्याला वस्तूची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. यंत्राने छापलेली नक्कल स्वस्त का आणि हाताचे काम महाग का, हे त्याच्या डोळ्यांनाच कळते. मूर्तिकाराने ओल्या मातीत नाक कसे उचलले, चित्रकर्तीने पहिली रेघ कोठे ओढली, गायकाने ठेक्यात कोठे थांबा घेतला, हे सारे याच जातीचे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. खिडकीजवळचा सकाळचा उजेड आणि न हलणारा हात एवढे पुरते. कित्येक लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून शब्दही पडद्यावर लिहावेत. खाली वस्तूचे नाव, धातू किंवा रंग, लांबीरुंदी, लागलेले दिवस, गाव, आणि विक्रीस असल्यास किंमत ही माहिती द्यावी. किंमत न लिहिणे हे सभ्यतेचे लक्षण समजण्याची आपल्याकडे एक खोड आहे. तिच्यामुळे संकोची गिऱ्हाईक परत जाते.

भाषेचाही विचार हवा. सीमाभागातील कलावंताला येथे एक आयता लाभ आहे. मराठीत चार ओळी लिहिल्या तर उदगीर-लातूरकडचा माणूस वाचील, कन्नडात लिहिल्या तर कलबुर्गीचा. नाव मात्र सर्वत्र एकाच पद्धतीने लिहावे. हळ्ळीखेड हा शब्दच इंग्रजी अक्षरांत कोणी एका 'एल'ने लिहितो, कोणी दोन. शोधणाऱ्याला मग माणूस सापडत नाही.

हे सारे नीट केले तरी काम प्रत्येक ओळखीच्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही. ज्यांनी 'फॉलो' केले त्या सर्वांना आपले चित्र दिसते, अशी समजूत पुष्कळांची असते. वस्तुतः इन्स्टाग्रामने 2016 सालीच काळाच्या क्रमाने चित्रे दाखविणे सोडले. कोणाला काय दाखवायचे ते यंत्रगणित ठरविते: पाहणारा किती वेळ थांबला, त्याने ते दुसऱ्याला पाठविले काय, जपून ठेवले काय. या गणिताला कलेतले काही कळत नाही. ते फक्त थांबलेली नजर मोजते. एखाद्या महिन्यात प्रतिसाद ओसरला म्हणून आपली कला उतरली असे समजून खचणारे तरुण आहेत. त्यांना हे कोणीतरी सांगावयास हवे.

नव्या साधनाच्या बळावर घरोघर पोहोचण्याचा प्रयोग या देशात पूर्वीही झाला आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईस रंगीत शिळाछापाचा छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीस नेला. लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे साध्या माणसाच्या भिंतीवर लागली. पण धंदा तोट्यात गेला, छापखाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, आणि त्या चित्रांच्या नकला जाहिरातींवर व दिनदर्शिकांवर कोणाकोणाच्या नावाने फिरत राहिल्या. प्रसार अफाट झाला. ताबा राहिला नाही.

आजच्या साधनांत ताब्याचा प्रश्न अधिकच नाजूक आहे. इन्स्टाग्रामच्या अटींप्रमाणे चित्राची मालकी कलावंताचीच राहते. परंतु ते वापरण्याची, त्यात फेरफार करण्याची, दुसऱ्यास देण्याची जगभरची बिनमोल परवानगी तो कंपनीला देऊन बसतो. म्हणून चित्र पूर्ण मोठ्या आकारात टाकू नये; छापण्यास अपुरे पडेल एवढेच टाकावे. कोणी ते स्वतःचे म्हणून मिरविले तर भारताचा 1957 चा कॉपीराइट कायदा मदतीस आहे. त्याच्या कलम 57 अन्वये, हक्क विकल्यावरही 'हे काम माझे' असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. बिदरीला 2006 साली भौगोलिक संकेत मिळाला खरा, पण तो गावाच्या नावाचे रक्षण करतो, माणसाच्या नावाचे नव्हे. बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा एका बिदरी कारागिराचे नाव देशभर ऐकू आले. त्यांच्यासारखे नाव व्हावयास जन्म घालवावा लागतो.

शिवाय ही जागा भाड्याचीही नव्हे, उसनी आहे. ऑर्कुट 2014 साली बंद झाले. टिकटॉकवर 29 जून 2020 रोजी सरकारने बंदी घातली, आणि खेड्यापाड्यांतील ज्या नर्तकांनी-नकलाकारांनी तेथे लाखांचा प्रेक्षक जमविला होता त्यांचा तो प्रेक्षक एका रात्रीत दिसेनासा झाला. ज्यांनी आपले व्हिडिओ वेगळे साठविले होते ते दुसरीकडे पुन्हा उभे राहू शकले. तेव्हा मूळ चित्रे दोन ठिकाणी ठेवावीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकांची नावे, पत्ते व फोन साध्या वहीत उतरून ठेवावेत. ती वही कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही.

व्यवहारात एक सावधगिरी राहिली. मोठी मागणी नोंदवून 'पैसे पाठवितो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका' असे सांगणारा भामटा कलावंताला हमखास गाठतो. यूपीआयने पैसे येण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन लागतो तो देताना. नवख्या गिऱ्हाइकाकडून निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, आणि ती खात्यात जमा झाल्याचे पाहिल्यावरच काम हाती घ्यावे.

वस्तू तयार झाली की ती बांधून पाठविण्यापूर्वी उलटी करावी. बुडाशी नाव, गाव आणि साल कोरावे. चित्र असल्यास पाठीमागे लिहावे. आणि दर्शनी बाजूच्या छायाचित्राबरोबर त्या बुडाचेही एक छायाचित्र काढून ठेवावे.