लेखांकन क्षेत्रातील पहिल्या कार्यस्थळाची निवड : वाणिज्य पदवीधरांच्या संदर्भात विवेचन

प्रस्तावना :
लेखांकन क्षेत्रात कोणती पात्रता मिळवावी, याविषयी वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात बरेच मार्गदर्शन मिळते. मात्र ती पात्रता कोणत्या कार्यालयात बसून मिळवावी, याविषयी क्वचितच बोलले जाते. परिणामी विद्यावेतन, फर्मचे नाव आणि घरापासूनचे अंतर या बाबींवरच निवड होते. या बाबी गौण नाहीत. तालुक्याच्या गावाहून पुण्यात येऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यास खोलीभाड्याचा विचार करावाच लागतो. तथापि इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाने 2023 मध्ये लागू केलेल्या नव्या योजनेनुसार आर्टिकलशिपचा कालावधी तीनऐवजी दोन वर्षे झाला आहे. चुकीच्या कार्यालयात गेलेले एक वर्ष म्हणजे आता निम्मे प्रशिक्षण होय.

कार्यालयांचे स्वरूप :
महानगरातील मोठ्या फर्ममध्ये कामाची पद्धत शिस्तबद्ध असते, कार्यपत्रे कशी ठेवावीत हे तेथे उत्तम कळते. पण कामाची विभागणी सूक्ष्म असल्याने एखादा प्रशिक्षणार्थी अनेक महिने केवळ ऋणकोंच्या शिलकांची पुष्टिपत्रे जमवत राहतो. कंपनीच्या लेखा विभागातही बहुधा हीच स्थिती असते. शिवाय औद्योगिक प्रशिक्षण आर्टिकलशिपच्या अखेरच्या वर्षात घेण्याची मुभा आहे, त्यामुळे त्यासाठी घाई करण्याचे कारण नाही.

लहान कार्यालयात याउलट सर्व प्रकारची कामे येतात, परंतु 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून अशी काही कार्यालये विवरणपत्रे भरण्याची केंद्रे बनली आहेत. महिन्याची 11 आणि 20 तारीख गाठण्यातच तेथील मनुष्यबळ खर्ची पडते. विद्यार्थी विवरणपत्र भरण्यात तरबेज होतो, ताळेबंद वाचण्यात नव्हे.

जिल्ह्याच्या ठिकाणचे, सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करणारे मध्यम आकाराचे कार्यालय हा पर्याय मात्र अकारण दुर्लक्षित राहिला आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये 2013 साली झालेल्या सुधारणेनंतर संस्थेची सर्वसाधारण सभा शासनमान्य नामिकेतून लेखापरीक्षकाची नियुक्ती करते. त्यामुळे पतसंस्था, नागरी बँका व दूध संस्थांचे काम खासगी कार्यालयांकडे मोठ्या प्रमाणावर आले. पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात विद्यार्थी हातातील रोख शिल्लक स्वतः मोजतो, कर्जरोखे व जामीनदारांच्या सह्या तपासतो, थकबाकीचे वर्गीकरण करून तरतूद पुरेशी आहे का ते पाहतो आणि संचालक मंडळाच्या इतिवृत्तातील ठराव प्रत्यक्ष कर्जवाटपाशी ताडून पाहतो. प्रमाणक, रोजकीर्द, खतावणी, तेरीज पत्रक आणि ताळेबंद ही वर्गात शिकवलेली साखळी त्याला एकाच संस्थेत, एकाच आठवड्यात सलग दिसते. अशी संधी नामांकित फर्ममध्येही सहजी मिळत नाही.

निवडीच्या कसोट्या :
कार्यालयाने पीअर रिव्ह्यू प्रमाणपत्र घेतले आहे का, हे प्रथम विचारावे. सूचिबद्ध कंपन्यांच्या लेखापरीक्षकांना ते अनिवार्य आहेच. लहान फर्मने ते घेतलेले असल्यास कार्यपत्रे नीट ठेवण्याची सवय तेथे आहे, असे मानता येते. परीक्षेसाठी रजा प्रत्यक्षात मिळते का, हे तेथील आजी-माजी प्रशिक्षणार्थीच खरे सांगू शकतात.

सर्वांत महत्त्वाची कसोटी सहीची आहे. न तपासलेल्या हिशेबांवर सही करणे हे सनदी लेखापाल अधिनियम, 1949 नुसार व्यावसायिक गैरवर्तन ठरते. एका सनदी लेखापालास एका आर्थिक वर्षात 60 कर-लेखापरीक्षणांची मर्यादा आहे आणि 2019 पासून प्रत्येक प्रमाणपत्र व अहवालावर यूडीआयएन क्रमांक बंधनकारक झाला आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या लेखांकन सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतील बदलाचा माग राहणे आवश्यक आहे. इतके असूनही ‘मागच्या तारखेची नोंद टाक’ असे प्रशिक्षणार्थ्यास सहज सांगणारी कार्यालये आहेत. विशीतील मुलास तेथे प्रश्न विचारण्याचे धैर्य होत नाही; दोन वर्षांत तीच त्याला कामाची रीत वाटू लागते आणि पुढे स्वतःच्या सहीची जबाबदारी आली की संकट उभे राहते.

ही माहिती विद्यार्थ्यास एकट्याने मिळवणे कठीण आहे. वाणिज्य विभागाने माजी विद्यार्थ्यांकडून कोणत्या कार्यालयात प्रत्यक्ष कोणते काम दिले जाते, याची नोंदवही ठेवून ती दरवर्षी अद्ययावत करावी. आर्टिकलशिपच्या करारावर सही होण्यापूर्वी विद्यार्थ्याने ती पाहिलेली असावी, कारण नंतर कार्यालय बदलण्यावर नियमांचे निर्बंध आहेत.