बिल वेळेवर, तर कंपनी टिकाऊ

सरोजिनी नगरमधून बोलतोय. आमचा बाजार निर्यातीतून उरलेल्या कपड्यांसाठी प्रसिद्ध. आता तिथे शंभर रुपयांचा टॉप विकणाऱ्याकडेही क्यूआर कोड दिसतो. २०१६ मध्ये यूपीआय आलं, २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. तेव्हा पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, तेही विनातारण. ज्याच्या धंद्याची कुठे नोंदच नव्हती, त्याची मोबाइलवर नोंद होऊ लागली. डिजिटल वित्तीय समावेशन म्हणतात ते हेच.

याचा मोठ्या कंपन्यांच्या शाश्वततेशी काय संबंध? फौजेत पहिल्याच वर्षी कळतं, की पुढची चौकी किती दिवस टिकेल हे मागून येणारी रसद ठरवते. कंपनीची रसद म्हणजे तिचे छोटे पुरवठादार.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझ्या मावसभावाची छोटी फाउंड्री आहे. कोकवर चालणारी जुनी भट्टी काढून विजेची बसवायची, वापरलेली वाळू पुन्हा वापरता येईल असं यंत्र घ्यायचं, हे त्याने ठरवलं होतं. पण एका मोठ्या गिऱ्हाइकाने चार महिने बिल अडकवलं. यंत्रासाठी ठेवलेले पैसे पगारात आणि व्याजात गेले. धूर तसाच राहिला. त्या गिऱ्हाइकाच्या वार्षिक अहवालावर मात्र हिरवंगार झाड छापलेलं होतं!

कायदा आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने तक्रार कोण करणार?

इथे ‘ट्रेड्स’ ही डिजिटल व्यवस्था उपयोगी पडते. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने असा पहिला मंच २०१७ मध्ये मुंबईत सुरू झाला. पुरवठादार बिल चढवतो, कंपनी ते मान्य करते, मग बँका त्यावर बोली लावतात. पुरवठादाराला पैसे लगेच मिळतात आणि मुदत संपली की कंपनी बँकेचे पैसे चुकते करते. व्याजदर ठरतो तो कंपनीच्या पतीवर, म्हणून छोट्याला स्वस्त पडतो. कंपनीने पैसे बुडवले तरी बँक त्याच्या दारात येत नाही.

खरी मेख ‘कंपनी मान्य करते’ या शब्दांत आहे. २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची केली. पण नाव नोंदवणं वेगळं आणि बिल मान्य करणं वेगळं. बटण कंपनीच्याच हातात आहे. तंत्रज्ञान रस्ता बांधून देतं, गाडी सोडायची की नाही हे नियत ठरवते.

ती नियत तपासता येते. २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नमुन्यात ‘बीआरएसआर’ अहवाल द्यावा लागतो. त्यात दोन आकडे शोधा: छोट्या उद्योगांकडून किती टक्के माल घेतला आणि देणी चुकवायला किती दिवस लागले.

तर आजचा गृहपाठ. तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत, तिचा अहवाल उघडा. झाडाचं चित्र ओलांडून पुढे जा. दिवसांचा आकडा वर्षागणिक वाढत असेल, तर भागधारकांच्या सभेत हात वर करून कारण विचारा. तो हक्क तुमचा आहे.

जय हिंद.