एमसीबी सारखा पडतोय? मोठा टाकू नका!

विजेच्या जोडण्या का तापतात, यावर पीएचडी करतेय असं सांगितलं की नातेवाईक हमखास विचारतात, "आमचा एमसीबी सारखा पडतो गं, 16 चा काढून 32 चा टाकून घेऊ का?" उत्तर एका शब्दात आहे: नको. पण का नको, हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी थोडं गणित. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट दाब असतो. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला 230 ने भागलं की ते किती अँपिअर प्रवाह ओढतं ते कळतं. समजा, ओट्यावर इंडक्शन शेगडी 2000 वॅटची, किटली 1500 ची आणि मायक्रोवेव्ह 1200 चा. तिन्ही एकदम चालू केले की झाले 4700 वॅट, म्हणजे 20 अँपिअरच्या थोडं वर. आणि ही तिन्ही एकाच 16 अँपिअरच्या लाइनवर असतील, तर त्यालाच आपण ओव्हरलोड म्हणतो.

आता गंमत बघा. 16 चा एमसीबी 16 च्या वर गेल्याबरोबर पडत नाही! मानकानुसार 1.13 पटीला, म्हणजे 18 अँपिअरला, तो तासभर पडता कामा नये आणि 1.45 पटीला, म्हणजे साधारण 23 अँपिअरला, तो तासाभरात पडलाच पाहिजे. आपले 20 अँपिअर बरोब्बर मधे अडकले. कारण आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापून हळूहळू वाकते आणि मग खटका सुटतो. शॉर्टसर्किट झालं तर मात्र दुसरी, चुंबकीय यंत्रणा क्षणात काम करते. तेव्हा "एमसीबी पडला नाही, म्हणजे लोड बरोबर आहे" हा समज सोडून द्या.

वायरचं काय होतं? तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 23 अँपिअर गेले तर दर मीटरला साधारण 4 वॅट उष्णता तयार होते. त्याच तारेवर 32 चा एमसीबी बसवला, तर तो 46 अँपिअरपर्यंत तासभर गप्प बसू शकतो. तेव्हा दर मीटरला 16 वॅट! भिंतीतल्या पाइपात ही उष्णता जाणार कुठे? साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा 70 अंश सेल्सिअस असते. ते आधी कडक होतं, मग तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत, तुम्हाला न दिसता. जुन्या वाड्यांमध्ये फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळायचे, तसाच हा प्रकार. एमसीबी वायरचा राखणदार आहे. वायर तीच ठेवून राखणदाराला झोपेची गोळी द्यायची, असं ते झालं.

आता माझ्या विषयाकडे येते. लोड मर्यादेत असूनही आग लागू शकते, ती सैल जोडणीमुळे. 1977 साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने यावर प्रयोग केले. सॉकेटमधला सैल स्क्रू 15 अँपिअरवर 35 वॅटपर्यंत उष्णता सोडत होता. म्हणजे छोटी सोल्डरिंग गन भिंतीत चालू ठेवल्यासारखंच. जोडणी चक्क लालबुंद व्हायची. अगदी 0.8 अँपिअरलाही 5 वॅटपर्यंत उष्णता निघत होती. आणि प्रवाह वाढलेलाच नसल्यामुळे एमसीबीला याचा पत्ताच लागत नाही. ओव्हरलोडने जोडणी वारंवार तापते, थंड होते, स्क्रू सैल होत जातो, सैल झाला की आणखी तापतो. असं ते दुष्टचक्र आहे.

मग घरी काय करायचं?

1. छोट्या तीन पिनांच्या सॉकेटची क्षमता 6 अँपिअर, म्हणजे जेमतेम 1380 वॅट. इस्त्री चालेल, गीझर, इंडक्शन नाही. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा अडॅप्टर घरात ठेवूच नका.

2. एक्स्टेंशन बोर्डला सहा सॉकेट असले तरी भिंतीतून येणारी वायर एकच असते. बोर्डाला बोर्ड जोडू नका, आणि जड लोड असताना त्याची वायर गुंडाळलेली ठेवू नका.

3. गीझर, एसी आणि इंडक्शनसाठी स्वतंत्र लाइन हवी. भाड्याचं घर असेल तर तीन उपकरणं आलटूनपालटून वापरा, आणि घरमालकाकडे स्वतंत्र लाइन मागा. ही चैन नाही.

4. अर्धा तास वापरल्यावर बटण बंद करा, पिन काढा आणि तिच्या प्लास्टिकला हात लावून बघा. कोमट ठीक. चटका बसत असेल, सॉकेट तपकिरी पडलं असेल किंवा जळका वास येत असेल, तर ते सॉकेट वापरणं थांबवा आणि वायरमनला बोलवा.

5. "आमच्याकडे आरसीसीबी आहे" यावर निर्धास्त राहू नका. तो गळणारा प्रवाह पकडतो, शॉक लागण्यापासून वाचवतो. ओव्हरलोड त्याला कळत नाही.

आणि वायरमन स्वतःहून "मोठा एमसीबी टाकून देतो" म्हणाला, तर त्याला एकच विचारा: "मागची वायर किती चौरस मिलिमीटरची आहे?" उत्तर मिळेपर्यंत जुना एमसीबी काढू देऊ नका.