सोनोग्राफीतली एक ओळ आणि रात्रीचं जेवण

पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी करायला जावं, खडे वगैरे काही निघू नयेत, आणि रिपोर्टच्या शेवटी मात्र एक ओळ असावी, 'ग्रेड वन फॅटी लिव्हर'. मैत्रिणींनो, आर्णीत आमच्या बचत गटातल्या काहीजणींच्या फायलीत ही ओळ आहे. बहुतेकींनी फाइल कपाटात ठेवून दिली. एकीच्या घरी मात्र वेगळंच रामायण झालं. "लिव्हर तर दारू पिणाऱ्याचं खराब होते ना?" असं दिराने सगळ्यांसमोर विचारलं. जिने आयुष्यात दारूचा ग्लास पाहिला तो नवऱ्याच्या हातात, तिला हे ऐकून घ्यावं लागलं!

म्हणून आधी हेच स्पष्ट सांगते. दारूच्या थेंबाशिवायही यकृतात चरबी साठते. गरजेपेक्षा जास्त साखर, मैदा, तेल पोटात गेलं आणि अंगाला चालणं नसलं, की यकृत त्या साखरेची चरबी करून स्वतःतच ठेवू लागतं. यकृताच्या पाच टक्क्यांहून जास्त भागात चरबी झाली, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. मधुमेह, थायरॉइड, पीसीओडी असणाऱ्यांना धोका जास्त. अंगाने बारीक पण पोट सुटलेलं, अशा बाईलाही तो होतो. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावं, असं डॉक्टर सांगतात. २०२२ साली देशभरातल्या अनेक अभ्यासांचं गणित एकत्र मांडलं गेलं, तेव्हा मोठ्या माणसांत हे प्रमाण सुमारे ३८ टक्के निघालं. त्याआधीच, २०२१ मध्ये, केंद्र सरकारने हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला होता. त्रास काहीच होत नाही, हीच यातली मेख. दुर्लक्ष झालं तर काहींच्या यकृताला सूज येते, मग ते कडक होत जातं.

यावर खास गोळी प्रत्येकीला लागत नाही. पहिला उपाय वजन उतरवणं. सत्तर किलोच्या बाईने साडेतीन किलो कमी केले तरी यकृतातली चरबी उतरू लागते. सूज उतरायला पाच ते सात किलो लागतात. पण कसं कमी करायचं? कॅलरी मोजायला आपल्या स्वयंपाकघरात काटा नसतो, भाकर अंदाजाने थापली जाते आणि फोडणीचं तेल हाताने पडतं. म्हणून सध्या घड्याळाकडे बघून खाण्याची पद्धत चर्चेत आहे. दिवसभराचं सगळं खाणं आठ-दहा तासांत आटपायचं, उरलेला वेळ पोटाला सुट्टी. रात्री खाणं थांबलं की यकृत आधी साठवलेली साखर वापरतं. ती दहा-बारा तासांत संपत आली, की चरबीला हात घालतं.

विदर्भाला हे नवीन नाही. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनदाच जेवा, असं व्याख्यानांतून सांगत. २००४ साली अपघातात ते गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तोच विचार महाराष्ट्रभर नेला: दोन जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि रोज ४५ मिनिटं चालणं. त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट गावोगावी चालले. २०१८ च्या सुमारास ऋजुता दिवेकर यांचं थोड्या-थोड्या वेळाने खा आणि दीक्षितांचं दोनदाच खा, यावरून घराघरांत वाद रंगले ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या शेजारच्या जैन काकू तेव्हा हसत होत्या. सूर्यास्तानंतर न जेवणं त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे.

अमेरिकेत सच्चिदानंद पांडा नावाचे मूळचे ओडिशाचे शास्त्रज्ञ यावर काम करतात. २०१२ साली त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना तेच तेलकट खाणं, काहींना दिवसभर तर काहींना फक्त आठ तास दिलं. आठ तासवाल्यांची यकृतं बरीच सुरक्षित राहिली. मग त्यांनी माणसांसाठी मोबाइल अ‍ॅप काढलं. जे तोंडात जाईल त्याचा फोटो काढायचा, बस. अर्ध्याहून अधिक लोक दिवसाचे जवळपास पंधरा तास काही ना काही खात असल्याचं त्यातून दिसलं.

पण उंदरांवरून माणसाची खात्री देता येत नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात फॅटी लिव्हर असलेल्या ८८ जणांचा वर्षभर अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना मोजकंच खायला सांगितलं होतं. निम्म्यांनी ते सकाळी आठ ते दुपारी चारमध्येच खाल्लं, निम्म्यांना वेळेचं बंधन नव्हतं. दोन्हीकडे यकृताची चरबी सारखीच उतरली. म्हणजे घड्याळात जादू नाही! सहाच्या आत आलूबोंडे आणि गोड चहा रिचवले तर उपयोग शून्य. आपले उपासही आठवा: साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाट्याचे पापड, शेंगदाण्याचे लाडू. तो उपास यकृताला कळतही नसेल. घड्याळाचा फायदा इतकाच, की मोजमाप न करता रात्रीचं अरबट-चरबट आपोआप सुटतं.

गटात आम्ही मोबाइलचा असाच वापर केला. पंधरा दिवस प्रत्येकीने खाल्लेल्याचा फोटो काढायचा. जिच्याकडे साधा फोन, तिने कॅलेंडरवर पहिल्या आणि शेवटच्या घासाची वेळ लिहायची. जेवणं तीनच होती, फोटो मात्र दहा-बारा! मुलाच्या ताटातली उरलेली पोळी, पाहुण्यांसोबतचा चहा, मालिका बघताना शेव-चिवडा. अ‍ॅपही फुकट मिळतात, ती उपाशी तासांचं घड्याळ दाखवतात. मात्र पैसे मागणारं, पावडर किंवा 'लिव्हर साफ करणारा' काढा विकणारं अ‍ॅप लगेच काढून टाका.

आणि हे सरसकट नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळ बदलू नका. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, आधीच वजन कमी असलेल्या बायकांनी यात पडूच नये. रक्त कमी असलेल्यांनीही आधी विचारून घ्यावं. वेळ कमी करताना डाळ, उसळ, अंडी, पालेभाजी कमी करायची नाही.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. नवरा दुकान बंद करून दहाला येतो, आणि त्याच्याआधी जेवायचं नाही, हा घरोघरीचा नियम. ज्या ताईला दिराने टोमणा मारला, ती आता संध्याकाळी सातला चून-भाकर खाऊन मोकळी होते. नवऱ्याला दहाला गरम वाढते, समोर बसते, पण स्वतः फक्त पाणी पिते. पहिला आठवडा सासूबाई बोलल्या नाहीत. आता त्याही सातलाच बसतात, कारण त्यांना रात्री जळजळ होते. चार महिन्यांत ताईचं वजन तीन किलोने उतरलं. पुढची तपासणी यवतमाळला, तूर निघाल्यावर.