पिशव्यांजवळ बसलेले माणूस

अमेरिकेतील टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचे शहर आहे. तेथील गृहबांधणी व्यवसायातले एक यशस्वी उद्योजक गॉर्डन हार्टमन २००६ साली पत्नी मॅगी आणि कन्या मॉर्गन यांच्यासह सुट्टीवर गेले होते. मॉर्गनची बौद्धिक वाढ वयाच्या मानाने मंद होती आणि शरीरालाही काही मर्यादा होत्या. पोहण्याच्या तलावात काही मुले चेंडू खेळत होती. मॉर्गन मोठ्या हौसेने त्यांच्याजवळ गेली, आणि ती मुले खेळ थांबवून पाण्याबाहेर निघून गेली. या मुलीशी कसे वागावे, हे त्यांना उमगलेच नव्हते.

त्यानंतर हार्टमन दांपत्याने ओळखीच्या पालकांकडे चौकशी आरंभली. मॉर्गनला मोकळेपणाने खेळता येईल आणि तिच्याबरोबर इतरांनाही रमता येईल, असे ठिकाण कोठे आहे? कोणालाच ते सांगता येईना. हार्टमन यांनी आदल्याच वर्षी आपला व्यवसाय विकला होता, त्यामुळे हाती वेळही होता आणि द्रव्यही. डॉक्टर, उपचारतज्ज्ञ, पालक आणि स्वतः अपंगत्वासह जगणाऱ्या व्यक्ती यांच्याशी विचारविनिमय करून त्यांनी चुनखडीच्या एका बंद पडलेल्या खाणीच्या जागेवर सुमारे साडेतीन कोटी डॉलर खर्चून २५ एकरांचे मनोरंजन उद्यान उभारले. २०१० साली ते खुले झाले. त्याचे नाव ‘मॉर्गन्स वंडरलँड’. अपंग व्यक्तीला तेथे प्रवेशशुल्क नाही. त्यामुळे दरवर्षी येणारी दहा लाख डॉलरहून अधिक तूट देणग्यांतून भरून काढावी लागते.

या उद्यानातील झोपाळ्यावर व्हीलचेअर तशीच चढते. आगगाडीत आणि खडबडीत वाटेवरून फिरणाऱ्या गाडीत खुर्चीसह बसता येते. परंतु सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू म्हणजे तेथील गोल फिरणारे घोडे, ज्याला आपण मेरी-गो-राउंड म्हणतो. अशा चक्रावर व्हीलचेअर नेता आली, तरी साधारणतः ती एका जागी घट्ट बांधून ठेवतात. बाकीची मुले घोड्यावर वरखाली होत असतात आणि हे मूल मात्र जमिनीलगत नुसते गरगरत राहते. येथे व्हीलचेअरसाठी केलेले रथ घोड्यांच्या बरोबरीने वर जातात आणि खाली येतात. शेजारच्या घोड्यावर भाऊ बसला असेल, तर दोघांची नजर एका उंचीवर येते.

आणि गंमत पाहा, ज्या मुलीच्या नावाने हे सारे उभे राहिले, ती मॉर्गन आरंभी या चक्राला भ्यायली. ते का फिरते, प्राणी वरखाली का होतात, हे तिला कळेना. तिला त्याची मौज वाटू लागेपर्यंत तीन वर्षे गेली. वडिलांनी बांधलेल्या बागेतही तिला कोणी घाई केली नाही. या लेखात यंत्रांची वर्णने पुष्कळ येतील. परंतु ही तीन वर्षे थांबण्याची तयारी कोणत्याही यंत्राहून दुर्मीळ आहे, असे मला वाटते.

पुढे व्यवस्थापनाच्या ध्यानात आले, की दर जुलैमध्ये व्हीलचेअरवरून येणाऱ्यांची संख्या घटते. टेक्सासच्या उन्हात खुर्च्याच तापत होत्या. म्हणून २०१७ साली शेजारी ‘मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड’ हे जलउद्यान उभे राहिले. विजेवर चालणारी व्हीलचेअर पाण्यात नेता येत नाही. तिचे वजन शंभर किलोच्या वर जाते आणि बॅटरी भरायला काही तास लागतात. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी यावर दाबलेल्या हवेवर चालणारी खुर्ची तयार केली. तिचे वजन सुमारे ३६ किलो आहे आणि हवा भरायला दहा मिनिटे पुरतात. ही खुर्ची या जलउद्यानात वापरायला मिळते. स्नायूंचा विकार असणाऱ्यांसाठी कोमट पाण्याचीही सोय आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले ह्युस्टन, डॅलस, ऑस्टिन येथे स्थायिक आहेत आणि आईवडील उन्हाळ्यात त्यांच्याकडे जातात. ऑस्टिनहून सॅन अँटोनियो सुमारे १३० किलोमीटरवर आहे. उद्यान वर्षभर रोज उघडे नसते, म्हणून तारीख पाहून, आगाऊ नोंदणी करूनच निघावे. तेथे एक तळेही आहे, ज्यात मासे गळाला लावून पुन्हा सोडून देतात. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला ते रुचणार नाही. ते तळे वगळून पुढे जावे.

या उद्यानाचे खरे वेगळेपण मला आणखी एका गोष्टीत दिसते. तेथे येणाऱ्या दर चार जणांपैकी सुमारे तिघांना कोणतेही अपंगत्व नसते, आणि कर्मचाऱ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश स्वतः अपंग आहेत. केवळ अपंगांसाठी वेगळी बाग केली असती, तर तलावातून निघून गेलेली ती मुले मॉर्गनला पुन्हा भेटली नसती.

आता आपल्या सहली आठवाव्यात. मंडळाची सहल जलउद्यानात जाते. बस थांबते, मुले धावत सुटतात, आणि कोणीतरी एक जण बाकावर बसून राहतो. त्याच्याभोवती सर्वांच्या पिशव्या, चपला, भ्रमणध्वनी आणि खाकऱ्याचे डबे. कधी ती गुडघे गेलेली आजी असते, कधी पोलिओ झालेले काका, कधी सेरेब्रल पाल्सी असलेला पुतण्या. “तू बस हं इथे, आम्ही आलोच,” असे प्रेमाने सांगितलेले असते. संध्याकाळी सर्वांची छायाचित्रे निघतात. त्यातही तो असतो, पिशव्यांसह. आणि जो इतकाही दिसत नाही, त्याला घरीच ठेवलेले असते.

याचे समर्थन आपल्या समाजात कधीकधी एका शब्दात होते: कर्म. असातावेदनीयाचा उदय, नामकर्माचा परिपाक, आपण काय करणार? कर्मसिद्धान्तावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच हे अर्धे वाचन मला खटकते. आठ कर्मांत अंतराय कर्मही आहे आणि त्याच्या पाच भेदांत भोगांतराय व उपभोगांतराय आहेत. दुसऱ्याच्या दान, लाभ, भोगादींत विघ्न आणल्याने अंतराय कर्माचा आस्रव होतो, असे तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. पुतण्याच्या पायातील दुर्बलता हा त्याच्या पूर्वकर्माचा उदय मानला, तरी प्रवेशद्वाराशी बांधलेल्या पाच पायऱ्या कोणाच्या उदयातून आल्या? त्या गवंड्याने बांधल्या, मालकाने बांधून घेतल्या, आणि आपण तिकीट काढताना त्यांच्याकडे पाहिले नाही. त्याचे कर्म तो भोगतो आहे. विघ्न आणण्याचे कर्म मात्र आज, आपल्या हातून बांधले जात आहे.

कोणी विचारील, त्यागप्रधान धर्माच्या मासिकात पाळण्यांचे आणि घसरगुंड्यांचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न योग्य आहे. परंतु ज्याच्यासाठी दार कधी उघडलेच नाही, त्याचे बाहेर राहणे हा त्याग म्हणता येत नाही. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून विनामूल्य कृत्रिम पाय बसवून असंख्य माणसांना उभे केले. त्या कार्याला आपल्या समाजाने मुक्तहस्ते साहाय्य केले आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पाय मिळालेला माणूस पुढे कोठे जाईल, याचा विचारही त्याच औदार्याने करायला हवा.

सोय दिली म्हणजे प्रश्न संपतो, असेही नाही. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत अपंग पाहुण्यांसाठी पूर्वी एक ओळखपत्र असे. काही धनिक कुटुंबे अपंग व्यक्तीला भाड्याने सोबत घेऊन रांग टाळतात, अशा बातम्या २०१३ साली प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी ती पद्धत बदलून परतीची वेळ ठरवून देणारी व्यवस्था आली: रांगेत उभे न राहता बाहेर थांबावे आणि दिलेल्या वेळी यावे. २०२४ साली नियम आणखी कडक झाले आणि ही सवलत मुख्यतः स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अवस्थांपुरती ठेवण्यात आली. शरीराच्या इतर व्याधी असणारी अनेक कुटुंबे त्यामुळे नाराज झाली. लबाडी थोड्यांनी केली, पुरावा मात्र सर्वांकडून मागितला जाऊ लागला. आपल्याकडील मंदिरांच्या दर्शनरांगेत ज्येष्ठांच्या खिडकीपाशी घुसणारे धडधाकट तरुण पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ वर नेली. सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क जपण्याचे कर्तव्यही त्याच्या २९ व्या कलमाने शासनावर आणि स्थानिक संस्थांवर सोपवले आहे. कायद्याचे पुस्तक घेऊन तिकीटखिडकीशी भांडत बसावे, असे मी सुचवत नाही. सहलीच्या आठ दिवस आधी केलेला एक दूरध्वनी अधिक उपयोगी पडतो.

विचारायचे ते नेमके विचारावे. “व्हीलचेअरची सोय आहे का?” या प्रश्नाला सगळीकडे “हो” असेच उत्तर मिळते, त्याचा अर्थ बहुधा फाटकाशी एक गंजलेली खुर्ची ठेवली आहे, इतकाच असतो. त्याऐवजी, कोणत्या पाळण्यांत खुर्चीसह बसता येते आणि कोणत्यांत खुर्चीतून उठून आसनावर सरकावे लागते, ते विचारावे. उतार किती लांब आहे, हेही विचारावे: एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, याहून तीव्र उतार धोक्याचा. गोंगाट असह्य होणाऱ्या मुलासाठी शांत कोपरा आहे का आणि गर्दी कोणत्या दिवशी कमी असते, हे जाणून घ्यावे. काही पाळण्यांत हातांची पकड आणि मानेचा आधार खरोखर लागतो. तेथे सुरक्षेसाठी नकार मिळाला तर तो मानावा. मात्र कारण त्या पाळण्याचे असावे, मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून दिलेले नसावे.

सर्वांत शेवटी स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी विचारावी. ती ९० सेंटिमीटर असेल तर खुर्ची सुखाने आत जाते. हा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस बहुधा गोंधळतो. त्याला फीत घेऊन मोजून यायला सांगावे आणि तो परत येईपर्यंत दूरध्वनी धरून ठेवावा.