दिसत नाही, मग संगणक कसा चालवणार?

पुण्यात तरी हा प्रश्न पडू नये. टी. व्ही. रामन हे पुण्याचे. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांनी नवरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली, आयआयटी मुंबईत संगणकशास्त्र शिकले आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएचडी केली. गणिती मजकूर संगणकाने कसा वाचून दाखवावा, हाच प्रबंधाचा विषय होता. समीकरण डोळ्यांना एका नजरेत उलगडतं; ओळीने चिन्हं ऐकत गेलं तर छेद कुठे संपला आणि घात कुठे सुरू झाला हे कळत नाही. रामन यांनी आवाजाची पट्टीच कामाला लावली. घात आला की आवाज चढायचा, पादांक आला की उतरायचा. पुढे गूगलमध्ये त्यांनी स्पर्शपडद्याच्या फोनवर काम केलं. तिथली एक युक्ती अशी, की बोट पडद्यावर जिथे पहिल्यांदा टेकेल तिथेच ५ हा आकडा आणि बाकीचे आकडे त्याच्या अवतीभवती. बटणं शोधायची गरजच उरत नाही.

एवढं सांगितलं की लोक म्हणतात, ‘ते असामान्य. बाकीच्यांना खास, महागडा संगणक लागणार.’ तोही लागत नाही. साधा लॅपटॉप पुरतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला स्क्रीन रीडर म्हणतात. काही स्क्रीन रीडर महाग आहेत हे खरं. पण मायकेल कुरन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए पूर्ण मोफत मिळतो. त्यात मराठी वाचणारा आवाजही आहे, थोडा यांत्रिक असला तरी समजणारा. माउसच्या जागी टॅब आणि बाणांच्या कळा वापरायच्या. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं, फक्त चालू करायचं.

खरी अडचण पुढे आहे आणि ती आपण डोळसांनी करून ठेवली आहे. ‘सूचना मराठीत आहे, संकेतस्थळावर टाकली आहे, आता ज्याला हवी तो वाचेल,’ असं कार्यालयं, शाळा, गृहनिर्माण सोसायट्या सगळेच धरून चालतात. ती फाइल उघडल्यावर स्क्रीन रीडरला काय मिळतं? कागद स्कॅन केलेला असेल तर ते नुसतं चित्र. त्यात त्याला एकही अक्षर सापडत नाही. मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर आणखी वेगळा घोळ. युनिकोड ही अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत रुळण्याआधी संगणकावर मराठीची जी सोय झाली, तीत पुण्याचा वाटा मोठा आहे. सी-डॅक ही संगणक संस्था इथली, श्रीलिपी हे फॉन्ट काढणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच. त्या काळी रूढ झालेला उपाय असा होता: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. पडद्यावर आणि छपाईत मराठी उत्तम दिसायची, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच राहायची. स्क्रीन रीडर आकार पाहत नाही, पोटातलं वाचतो. म्हणून ऐकणाऱ्याच्या कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची बरसात होते. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक फक्त ‘क’चाच असतो, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. त्या काळात तो उपाय करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. आज युनिकोड फुकट हाताशी असताना जुन्या फॉन्टमध्येच सूचना काढत राहणं मात्र मला अक्षम्य वाटतं.

पारख सोपी आहे. आपल्या पीडीएफमधला एखादा परिच्छेद कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवा. मराठी उमटली तर बहुतेक ठीक. चिन्हं उमटली किंवा काहीच निवडता आलं नाही, तर ती फाइल अंध वाचकासाठी कोरी आहे.

ही सगळी सोय फक्त अंधांसाठी असते, असंही समजलं जातं. विंडोजवर शिफ्टची कळ पाच वेळा दाबल्यावर एक चौकट उघडते आणि आपण वैतागून ती बंद करतो. ती ‘स्टिकी कीज’ची. एकाच बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टाइप करणाऱ्याला दोन-तीन कळा एकदम दाबता येत नाहीत; ही सोय चालू केली की त्या एकामागून एक दाबल्या तरी चालतात. हात थरथरत असतील तर चुकून पुन्हापुन्हा दाबल्या गेलेल्या कळांकडे दुर्लक्ष करायलाही संगणकाला सांगता येतं. कर्णबधिरांना व्हिडिओखाली उपशीर्षकं हवीत, आणि ज्यांची पहिली भाषा सांकेतिक आहे त्यांना दुभाषीही.

‘करतील तेवढे उपकार’ हा समज तर कायद्यालाच धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि एक अंध अर्जदार होते. केवायसीसाठी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, असं यंत्र सांगत होतं. हल्ल्यामुळे ज्यांना उघडझाप करताच येत नव्हती, त्यांना बँकेत खातं उघडायला दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता.