खोळंबा सुरू कुठे होतो?

जर्मनीतल्या ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गावर, वाहतूक मंदावू लागली की गाड्या पुरत्या थांबण्याआधीच चालक बाजूला सरकतात. सर्वांत डाव्या लेनमधले डावीकडे, बाकीचे उजवीकडे. मधे रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी राहते. ती न सोडणाऱ्याला किमान २०० युरो दंड होतो आणि महिनाभर गाडी चालवायची बंदी येते. नोकरीसाठी तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही या काटेकोरपणाचा अनुभव येतो. भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यावर सहा महिनेच चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. चालकाकडून एवढी शिस्त मागणाऱ्या देशातही माणसं रस्त्यावर आणि विमानतळावर तासन्‌तास ताटकळतात. याचं खापर आपण समोरच्या गाडीवर किंवा काउंटरवरच्या कर्मचाऱ्यावर फोडतो. पण मोठे खोळंबे त्या दिवशी सुरूच होत नाहीत. ते बऱ्याच वर्षांपूर्वी, कुणीतरी पुढे ढकललेल्या निर्णयात सुरू झालेले असतात.

डॉर्टमुंडहून फ्रँकफर्टच्या दिशेने जाणाऱ्या ए-४५ महामार्गावर ल्युडेनशाइड गावाजवळ रामेडं दरीवरचा पूल होता. १९६०च्या दशकात तो बांधला, तेव्हा दिवसाला सुमारे २५ हजार वाहनं धरली होती. पुढे रोजची वाहनं साठ हजारांवर गेली, ट्रकही जड झाले. नवा पूल लागणार हे अभियंत्यांना आधीच कळलं होतं, पण काम मागे पडलं. २ डिसेंबर २०२१ रोजी पोलादी भागात धोकादायक विकृती आढळल्यामुळे पूल तडकाफडकी बंद झाला आणि मे २०२३मध्ये स्फोटाने पाडला गेला. मधल्या काळात महामार्गावरचे ट्रक गावातल्या रस्त्यांवरून, लोकांच्या खिडक्यांखालून, रात्रंदिवस जात राहिले. परिसरातल्या छोट्या कारखान्यांचा कच्चा माल अडकला, कामगारांचा घरी पोचण्याचा वेळ वाढला. त्यांच्यापैकी कुणीही वाहतुकीचा नियम मोडला नव्हता.

सुरक्षेसाठी एवढं सोसायलाच हवं, असं कुणी म्हणेल. मलाही ते मान्य आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. तो पूल वेळेवर बंद झाला असता, तर लोक चिडले असते, पण जिवंत राहिले असते. पूल बंद करणारा अधिकारी बरोबरच असतो. चूक त्याच्या कितीतरी आधीची असते. बर्लिनच्या नव्या विमानतळाचंही तसंच झालं. २००६ साली काम सुरू झालं, उद्घाटन ३ जून २०१२ला ठरलं आणि जेमतेम चार आठवडे आधी रद्द झालं, कारण आग लागल्यास धूर बाहेर काढणारी यंत्रणा भरवशाची नव्हती. परवानगी नाकारणाऱ्यांनी कर्तव्यच केलं. पण काम चालू असताना इमारत वाढवत नेण्याचे, आराखडे बदलण्याचे निर्णय वरचे होते. विमानतळ ३१ ऑक्टोबर २०२०ला उघडला. तोवर भार सोसला तो टेगल विमानतळाच्या १९७४ साली सुरू झालेल्या इमारतीने. २०१९ साली तिथून सुमारे दोन कोटी चाळीस लाख प्रवासी गेले. जो विमानतळ लवकरच बंद होणार म्हणून ठरलेलं होतं, त्याचा विस्तार कोण करणार? तिथल्या अपुऱ्या जागेचा त्रास प्रवाशांनी आठ वर्षं जास्त सोसला.

दुसरा आक्षेप असा की लोकशाहीत जनसुनावण्या आणि पर्यावरणाच्या परवानग्या यांना वेळ लागतोच. लागू दे, तो लागायलाच हवा. पण पुलाचं वय आणि त्यावरून जाणारी वाहनं मोजता येतात, म्हणून सुनावण्या पूल वाकण्याआधी सुरू करता येतात. डागडुजीची मात्र फीत कापता येत नाही, आणि म्हणून तिला निवडणुकीत कुणी विचारत नाही. रामेडंनंतर, २०२२ साली, जर्मन सरकारने महामार्गांवरचे सुमारे चार हजार पूल दहा वर्षांत सुधारायचं ठरवलं. त्यासाठी लेन बंद होणार, आणखी रांगा लागणार. या रांगांवरही चालक संतापतील. तरी ल्युडेनशाइडच्या खिडक्यांखालून गेलेल्या ट्रकपेक्षा हा त्रास वेगळा आहे. तो आधी सांगून येतो, त्याला शेवटची तारीख असते आणि तो संपल्यावर पूल उभा असतो.